टर्बो साइड-बाय-साइडचा क्लच: किट मागवायच्या आधी कव्हर उघडा

ज्यांनी नुकतीच टर्बोवाली साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसून चालवायची चारचाकी ऑफ-रोड गाडी) घेतलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यातही सेकंडहँड घेतली असेल तर जास्तच. इकडे ॲरिझोना-कॅलिफोर्नियात आपली बरीच मंडळी या नादाला लागलीत, थंडी पडली की कोणी कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत, कोणी युटातल्या मोआबच्या खडकांत, आणि गाड्या बहुतेक दोनच, पोलारिसची आरझेडआर एक्सपी टर्बो नाहीतर कॅन-ॲमची मॅव्हरिक एक्स३. पहिला बेल्ट फाटला की सगळ्यांचा प्रश्न एकच, कुठलं क्लच किट (क्लचमधल्या बदली वजनं-स्प्रिंगांचा सेट) घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, अजून कुठलंच नाही. स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्या गॅरेजमध्ये खोलून खोलून एवढं कळलंय की ‘क्लच गेला’ म्हणून आलेल्या गाडीत खरंच गेलेला क्लच कमी वेळा सापडतो. जास्त वेळा सापडते ती धूळ, घाईत बसवलेला बेल्ट, हाय गिअरमध्ये चढवलेले चढ, आणि इंजिन ट्यून करून पॉवर वाढवलेली पण वेट्स (क्लचमधली वजनं) मात्र कंपनीचीच ठेवलेली गाडी.

१. आत नक्की काय फिरतंय

आपण बाईकवाले, क्लच म्हटलं की डोळ्यासमोर क्लच प्लेट येते. इथे प्लेट नाही. ॲक्टिव्हा खोललेली बघितली असेल तर अर्धं काम झालं, पुढे व्हेरिएटर, मागे पुली, मधे बेल्ट, तत्त्व तेच. फरक एकच आहे पण सगळं दुखणं त्याच फरकात आहे. ॲक्टिव्हाला मागे वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, शू आणि बेलवाला, गाडी उचलताना घसरायचं काम तो करतो. आरझेडआर किंवा एक्स३ला तसं काही नाही. इंजिनच्या क्रँकवर प्रायमरी पुली, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सेकंडरी पुली, आयडलवर प्रायमरीच्या दोन्ही शीव्ह (पुलीच्या तबकड्या) उघड्या असतात आणि बेल्ट मधे सैल पडलेला असतो. ॲक्सिलरेटर दिला की वेट्स बाहेर फेकली जातात, हलणारी शीव्ह जवळ येते आणि बेल्टला चिमटीत धरते. म्हणजे उभी गाडी निघताना दर वेळी घसरतो तो बेल्टच. बाईकमध्ये जे काम क्लच प्लेट करते ते इथे रबर करतंय, आणि रबराचा शत्रू म्हणजे उष्णता.

प्रायमरीत मुख्य गोष्टी चार: वेट्स, त्यांच्यावरून चालणारे रोलर, ते धरणारा स्पायडर, आणि वेट्सना मागे ढकलणारी स्प्रिंग. प्रायमरी बघते इंजिनचा आरपीएम. सेकंडरीत एक हेलिक्स असतो म्हणजे तिरका कापलेला कॅम, आणि एक स्प्रिंग. सेकंडरीला कळतो चाकांकडून येणारा लोड. लोड आला की हेलिक्समुळे सेकंडरी आवळते, बेल्ट घट्ट धरते आणि रेशो खाली आणते, ह्यालाच बॅकशिफ्ट म्हणतात. ही दोघांची रस्सीखेच आहे, एका बाजूचा एक भाग बदलला की दुसरीकडचं गणित पण हलतं, हे डोक्यात पक्कं करून ठेवा, पुढे लागणारच आहे.

टर्बोत हे का जास्त जाणवतं? २०१४ ची बिनटर्बोची एक्सपी १००० होती १०७ हॉर्सपॉवरची. २०१६ ला एक्सपी टर्बो आली १४४ ची, पुढच्याच वर्षी १६८. कॅन-ॲम एक्स३ २०१७ मॉडेलला १५४ पासून सुरू झाली आणि काही वर्षांत २०० ला पोचली. एवढी पॉवर वाढली तरी ती चाकापर्यंत नेतोय दोन पुल्यांमधे चिमटलेला तोच रबरी पट्टा. आणि टर्बोचा जोर हळूहळू येत नाही, बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली हवा) भरलं की एकदम आदळतो, त्या क्षणी चिमटा ढिला असेल तर बेल्ट घसरणारच.

२. कागद आणि हत्यारं

आधी कागद. क्लचशी ह्यांचा काय संबंध असं वाटेल, पण आहे.

– टायटल (मालकीचा कागद) आणि बिल ऑफ सेल, त्यावरचा व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) गाडीच्या फ्रेमवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळवून. पार्ट मागवताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका, व्हीआयएन वरूनच पार्ट नंबर काढा, एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक क्लच आणि बेल्ट बदललेत.
– रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) झालेत का आणि त्याचं काम झालंय का. कंपनीच्या साइटवर व्हीआयएन टाकला की दिसतं. हे थट्टेवारी नेऊ नका, आगीच्या धोक्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये पोलारिसने साधारण १,३३,००० आरझेडआर ९०० आणि १००० परत बोलावल्या होत्या.
– तुमच्याच वर्षाचं, तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. टॉर्कचे आकडे मी मुद्दाम इथे देत नाहीये, कारण कोणीतरी दुसऱ्या वर्षाच्या गाडीला तेच लावणार.
– आधीच्या मालकाची बेल्ट-क्लचची बिलं. आणि तोंडावर विचारा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून केलाय का? टायर कंपनीचेच आहेत का मोठे टाकलेत?
– वॉरंटी चालू असेल तर तिचे कागद. बाहेरचा पार्ट लावला की सगळी वॉरंटी गेली असं डीलर बिनदिक्कत सांगतात, पण १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे नुसता बाहेरचा पार्ट आहे म्हणून क्लेम नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच नुकसान झालं हे दाखवावं लागतं. ट्यून केलेला ईसीयू असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी.

एक छोटी युक्ती सांगतो, सेकंडहँड घेताना फार कामाला येते. डॅशवर इंजिनचे तास आणि मैल दोन्ही दिसतात, भागाकार करा. २००० मैल आणि २०० तास म्हणजे सरासरी ताशी १० मैल. आयडलिंग धरलं तरी गाडी बहुतेक वेळ रांगलीय, आणि रांगताना मालक लो गिअर वापरत होता का हे त्याला विचारा. ‘लो? ते कशाला?’ असं उत्तर आलं की बेल्ट आणि शीव्हचा खर्च किमतीतून वजा करायला लावा.

हत्यारं:

– सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच
– बेल्ट काढायचं टूल, म्हणजे सेकंडरीच्या शीव्ह उघडायचा बोल्ट. गाडीच्या टूलकिटमध्ये येतं पण सेकंडहँड गाडीत हमखास गायब असतं, आधी बघून घ्या
– तुमच्या मॉडेलचा प्रायमरी पुलर (प्रायमरी क्रँकवरून ओढून काढायचा बोल्ट)
– डिजिटल व्हर्नियर
– इन्फ्रारेड थर्मामीटर, साधा गनसारखा चालतो
– ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराचा काटा, ऑनलाइन स्वस्तात मिळतो
– आयसोप्रोपिल अल्कोहोल, मरून रंगाचं स्कॉच-ब्राइट (घासायचा खरखरीत पॅड), पांढरे फडके
– ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर, आणि एन९५ मास्क. बेल्टची काळी पूड नाकात गेली की दोन दिवस रुमाल काळा होतो, हसू नका, घाला
– जाड मार्कर पेन आणि मोबाइलचा कॅमेरा

३. कव्हर उघडा आणि नुसतं बघा

इंजिन थंड, किल्ली काढलेली, गाडी जॅकस्टँडवर, मागचं डावं चाक काढलं तर हात आत जायला जागा होते. कव्हरचे बोल्ट काढताना एकदोन मागच्या बाजूला लपलेले असतात, ते राहून जातात, आणि मग ‘अडकलंय’ म्हणून लोक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात नि कव्हर चिरतं. चिरलेल्या कव्हरातून वाळू आत. त्यामुळे निघत नसेल तर बोल्ट राहिलाय असं समजा, जोर लावू नका.

कव्हर निघालं की लगेच एअर मारू नका! आधी धूळ बघा, फोटो काढा. सगळीकडे काळी बारीक पूड म्हणजे बेल्ट झिजलाय किंवा घसरलाय. मातकट-तपकिरी थर म्हणजे बाहेरची धूळ आत येतेय, इनटेक डक्टचा क्लॅम्प सुटलेला असेल नाहीतर कव्हरचं सील नीट बसलेलं नसेल, आणि हे बंद केल्याशिवाय तुम्ही कुठलंही किट टाका, ती वाळू शीव्हला पॉलिश पेपरसारखी घासत राहणार.

मग बेल्ट काढा आणि उजेडात धरून सबंध फिरवून बघा. बेल्ट सगळं सांगतो.

– दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत: घसरत होता. थोडीशी चमक असेल तर घासून काढता येते, पण कडा टणक झाल्या असतील तर तो बेल्ट आता स्पेअर म्हणून पण ठेवू नका.
– एकाच जागी अरुंद झालेला: चाक कुठेतरी अडकलं, गाडी हलत नव्हती आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर देत राहिला, प्रायमरी एकाच जागी बेल्ट खात बसली. असा बेल्ट हळू जाताना ठक-ठक-ठक करतो. ह्याला उपाय नाही, नवीनच टाका.
– कडेचे धागे सुटलेले: अलाइनमेंट बघा, इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट ढिले झालेत का बघा. लोडवर इंजिन जरा जरी मागे ओढलं गेलं तरी दोन पुल्या एका रेषेत राहत नाहीत.
– आतल्या दातांच्या मुळाशी भेगा: वय झालं, उष्णता फार खाल्ली.

व्हर्नियरने रुंदी निदान पाचसहा ठिकाणी मोजा. मी नवीन बेल्ट टाकतानाच त्याची रुंदी मार्करने कव्हरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो, मैलांसकट, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला कागद शोधावा लागत नाही.

आता शीव्ह. नखाची टोकं तोंडावरून आतून बाहेर फिरवा. गुळगुळीत, मंद चमक, छान. जिथे बेल्ट आयडलवर आणि निघताना बसतो तिथे नख अडत असेल तर तिथे पायरी पडलीय. निळसर डाग म्हणजे तापून निघालीय. काळे पट्टे हे चिकटलेलं रबर असतं, ते निघतं. पायरी निघत नाही. पायरी असलेल्या शीव्हवर नवीन बेल्ट टाकणं म्हणजे दीडशे-दोनशे डॉलर फेकणं, निघताना गचका बसणार आणि बेल्ट परत जळणार.

प्रायमरीच्या आत: हलणारी शीव्ह दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळा. थोडा खुळखुळाट असतो, पण टक-टक स्पष्ट ऐकू येत असेल तर स्पायडरला धरून ठेवणाऱ्या टॉवरला (उभ्या खांबांना) टेकणारी छोटी बटणं झिजलीत. टर्बो आरझेडआरचं हे ठरलेलं दुखणं, जोराचा धक्का दर वेळी त्याच कडेवर बसतो. कॅन-ॲमने ह्याच घसटीमुळे २०२० च्या सुमारास घासणाऱ्या भागांच्या जागी रोलर असलेली पीड्राइव्ह नावाची प्रायमरी आणली, म्हणून जुनी एक्स३ आणि नवीन एक्स३ ह्यांचे क्लचचे सल्ले एकमेकांना लागू पडत नाहीत, यूट्यूब बघताना वर्ष बघा.

मग वेट्सचा वक्र पृष्ठभाग. रोलर जिथे सगळ्यात जास्त वेळ बसतो तिथे, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला, खाच पडते. बोटाने लागते. रोलर त्या खाचेत अडकून बसतो आणि मग एकदम सुटतो, म्हणून निघताना गाडी उडी मारते. रोलर एकेक करून बोटाने फिरवा, फिरताना अडला किंवा एका बाजूला चपटा दिसला तर बदलायचा. सेकंडरीत हेलिक्सवरच्या चाकोऱ्या, तिकडचे रोलर, आणि स्प्रिंगचं वेटोळं कुठे घासून चमकलंय का एवढं बघा. बुश ढिले आहेत का हे शीव्ह शाफ्टवर हलवून कळतं.

प्रायमरी खोलायच्या आधी कव्हर, स्पायडर आणि शीव्ह तिन्हीवरून जाणारी एक रेघ मार्करने मारा. हा क्लच असेंबल करूनच बॅलन्स केलेला असतो, फिरवून बसवला की आयडललाच थरथर. आणि स्पायडर स्वतः काढायच्या फंदात पहिल्या वेळी पडू नका, प्रचंड टॉर्कने आवळलेला असतो, त्याला खास जिग लागतो. बटणं बदलायची असतील तर प्रायमरी काढून क्लचचं काम करणाऱ्याकडे द्या.

प्रायमरी क्रँकवरून काढायची रीत: मधला बोल्ट काढा, पुलरच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून आत घाला, आवळा. टेपरवर (क्रँकच्या निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेली असते, नाही निघाली तर हातोडी मारू नका, क्रँक वाकतो. पुलर काढून भोकात पाणी भरायचं, पुलरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून परत आवळायचं, पाण्याच्या दाबाने टक्कन सुटते. धरून ठेवायला स्ट्रॅप रेंच घ्या, पंख्यासारख्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवलात तर पातं तुटलंच म्हणून समजा. परत बसवताना टेपर दोन्हीकडून स्वच्छ आणि कोरडा, तेलाचा थेंबही नको.

४. साफसफाई

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एअरने सगळं उडवा, स्पायडरच्या कोपऱ्यांतलं पण. शीव्हच्या तोंडावर स्कॉच-ब्राइट आडवं-तिरकं फिरवा, गोलगोल नाही, मग अल्कोहोलच्या फडक्याने पुसत राहा जोवर फडकं पांढरं राहत नाही. बेल्ट नवीन असला तरी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारखान्यातलं काहीबाही लागलेलं असतं.

क्लचमध्ये ग्रीस नाही, डब्ल्यूडी-४० नाही, सिलिकॉन स्प्रे नाही. ‘जरा आवाज येतोय म्हणून थोडंसं मारलं’ असं म्हणणारे भेटतात. कोरडं काम आहे हे, तेल पडलं की धूळ चिकटली, वरून बेल्ट घसरला.

इनटेकचा फिल्टर आणि डक्ट आतून बघा. हवा येते एकीकडून, जाते दुसरीकडून, आणि ती ओढायचं काम क्लचवरची पातीच करतात. एका गाडीत उंदराने डक्टमध्ये घरटं केलेलं निघालं होतं, मालक तोवर दोन बेल्ट फाडून तिसरा मागवायच्या तयारीत होता.

५. नवीन बेल्ट: बसवणं आणि मुरवणं

सेकंडरीच्या शीव्ह टूलने उघडा, बेल्ट टाका, छापलेला मजकूर नीट वाचता येईल किंवा बाण फिरायच्या दिशेला असेल असा. जुना बेल्ट वापरायचा असेल तर तो ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने. टूल काढून सेकंडरी हाताने फिरवत राहा, बेल्ट वर चढून कडेला येईपर्यंत. खोल रुतलेला तसाच ठेवून गाडी चालू केली की पहिल्या मिनिटाला जळतो.

आयडलवर गाडी आपोआप पुढे सरकत असेल किंवा गिअर टाकताना कर्रर होत असेल तर बेल्ट घट्ट बसलाय, मॅन्युअलमध्ये ॲडजस्टमेंट दिलीय ती करा. गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

मग ब्रेक-इन. पोलारिसच्या सांगण्याप्रमाणे पहिले ५० मैल सांभाळून. म्हणजे नुसतं हळू नाही, तर वेग कमीजास्त करत, फुल थ्रॉटल न देता, मोठा चढ न चढता, आणि मधे एकदोनदा पूर्ण थंड होऊ देत. हे सगळे वाचतात आणि कोणीच करत नाही, कारण बेल्ट बदलला जातो तो ट्रिपच्या आदल्या रात्री. स्पेअर बेल्ट मात्र सगळ्यांकडे कोराच असतो! त्यापेक्षा स्पेअर म्हणून जो ठेवायचा तो आधी ५० मैल चालवून, काढून, दिशा लिहून पिशवीत ठेवा. वाटेत टाकायची वेळ आली तर निदान मुरलेला असेल.

६. लो गिअर आणि उजवा पाय

ह्याला शून्य डॉलर लागतात आणि म्हणून कोणी ऐकत नाही.

पोलारिसचं मॅन्युअल सांगतं की सरासरी ताशी ७ मैलांच्या खाली जात असाल तर लो वापरा. खडक, तीव्र चढ, दुसऱ्याला ओढून काढणं, ट्रेलरवर गाडी चढवणं, सगळं लो मध्ये. ट्रेलरवर हाय मध्ये चढवताना बेल्ट जितका घसरतो तितका अख्ख्या दिवसात घसरत नसेल, आणि तेही दिवसाच्या शेवटी, सगळं तापलेलं असताना.

दुसरं, निघताना ॲक्सिलरेटरला गुदगुल्या करू नका. क्लच धरायच्या अगदी काठावरच्या आरपीएमला गाडी तरंगत ठेवली, म्हणजे चढावर ब्रेक न लावता थ्रॉटलवर रोखून धरली, की बेल्ट एकाच जागी घासतो. ठाम दाबा, धरू द्या, मग सोडा. चाक अडकलंय, गाडी हलत नाहीये, तर पाय काढा. दोन सेकंदसुद्धा फार होतात.

वाळूत पॅडल टायर (वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे) लावलेत तर लोड फार वाढतो, बराच वेळ जोरात पळवल्यावर लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये टाकून मिनिटभर थोडा आरपीएम ठेवा, पाती फिरतात, हवा खेळते. ओढ्यातून जाताना पाणी गेलं असेल आणि इंजिन ओरडतंय पण गाडी जात नाहीये, तर कव्हरच्या तळाचा ड्रेन प्लग काढून पाणी सोडा आणि न्यूट्रलमध्येच आरपीएम वरखाली करून वाळवा.

७. आता मोजा

इथपर्यंत केलं आणि अजून तक्रार आहे, तर अपग्रेडचा विषय काढू. पण आकडे हवेत.

पहिला आकडा, फुल थ्रॉटलला आरपीएम. सपाट, मोकळी जागा, टायर-सामान नेहमीचं, खालून जोरात दाबा आणि मोबाइलने डॅशचं शूटिंग करायला शेजारच्याला सांगा, स्वतः करू नका. एक्स३ आणि एक्सपी टर्बो दोन्ही आठ हजारच्या आसपासच्या त्यांच्या ठरलेल्या आरपीएमला जाऊन तिथेच स्थिर राहायला हव्यात आणि वेग वाढत राहायला हवा. लिमिटर (ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारा) लागतोय म्हणजे वेट्स हलकी पडताहेत. सात-साडेसातलाच अडकतेय म्हणजे वेट्स जड आहेत, किंवा टायर मोठे आहेत. आरपीएम मधेच उसळतो नि वेग तिथेच, म्हणजे घसरतोय.

दुसरा, तापमान. ट्रेलवरून आलात की कव्हरबाहेर येणाऱ्या हवेच्या तोंडाशी थर्मामीटर धरा, किंवा बेल्टवर रोखलेला सेन्सर बसवून घ्या, पैसे वसूल. बेल्ट १८० फॅरनहाइटच्या आत असेल तर निवांत, २०० (म्हणजे ९३ सेल्सियस) ओलांडलं की पाय काढा. कव्हर काढून दोन्ही क्लचच्या तोंडांचं तापमान घ्या, एक दुसऱ्यापेक्षा खूपच गरम असेल तर शोध तिथून सुरू करा.

तिसरी मार्करची रेघ. दोन्ही शीव्हवर आतून बाहेर एक जाड रेघ मारा, कव्हर लावा, मोकळ्या जागी टॉप स्पीडपर्यंत जाऊन या. बेल्टने जिथपर्यंत रेघ पुसलीय तिथपर्यंत तो चढला. प्रायमरीवर बाहेरच्या कडेला बोटभर रेघ शिल्लक असेल तर क्लच पूर्ण शिफ्टच होत नाहीये, मग टॉप स्पीड नाही म्हणून टर्बोला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

८. अपग्रेड, आणि ह्याच क्रमाने

क) नीट खेळती हवा आणि चांगला बेल्ट. डक्ट, फिल्टर, हवं तर ब्लोअर फॅन. बेल्टमध्ये कंपनीचा मूळ बेल्ट वाईट अजिबात नाही. गेट्स वगैरेंचे पण चांगले आहेत, पण ब्रँड बदलला की रुंदी-लांबी किंचित बदलते, ॲडजस्टमेंट परत बघावी लागते.

ख) क्लच किट, म्हणजे वेट्स, स्प्रिंगा आणि बहुतेक वेळा हेलिक्स. डाल्टन, ईपीआय, एसटीएम, इव्होल्युशन पॉवरस्पोर्ट्स असे बरेच जण करतात, काहीशे डॉलरचं काम. ऑर्डर देताना त्यांना चार गोष्टी सांगा: टायरची उंची आणि वजन, ट्यून, तुम्ही बहुतेक कुठल्या उंचीवर चालवता, आणि वाळू की खडक. हे न विचारता किट पाठवणाऱ्याकडून घेऊ नका.

काय केल्याने काय होतं ते एवढंच:

– वेट जड केलं की आरपीएम खाली येतो आणि बेल्टवरची पकड वाढते. हलकं केलं की उलट.
– प्रायमरी स्प्रिंगवर दोन आकडे असतात. पहिला वाढला की क्लच जरा उशिरा, वरच्या आरपीएमला धरतो. दुसरा वाढला की वरचा आरपीएम वाढतो.
– हेलिक्सचा कोन कमी केला की गाडी वर शिफ्ट व्हायला वेळ घेते, बॅकशिफ्ट चपळ होतं, मोठ्या टायरला आणि चढाला हे लागतं. कोन उभा केला की झटकन वर शिफ्ट.
– सेकंडरीची कडक स्प्रिंग बेल्ट आवळून धरते, पण गरजेपेक्षा कडक टाकलीत तर नुसती उष्णता आणि पॉवर वाया.

सगळ्यात मोठा सापळा ट्यूनचा आहे. ईसीयू ट्यून केला, पॉवर वाढली, वेट्स जुनीच. आता तीच वेट्स एवढ्या इंजिनला रोखू शकत नाहीत, आरपीएम लिमिटरवर जातो, बेल्टवर पकड अपुरी, आणि पुढच्या वीकेंडला बेल्ट ट्रेलवर. ट्यूनचे पैसे मोजताना वेट्सचे पण बाजूला काढा. उलट, नुसते मोठे टायर टाकणाऱ्याला बहुतेक हलकी वेट्स किंवा कमी कोनाचा हेलिक्स लागतो. म्हणून मित्राच्या गाडीत जे ‘भारी’ चाललं ते तुमच्यात चालेलच असं नाही.

उंचीचं गणित टर्बोत थोडं सोपं आहे. ग्लॅमिस समुद्रसपाटीच्या जवळपास, मोआब साधारण १२०० मीटर, आणि कोलोरॅडोत इमोजीन पास चढलात तर जवळजवळ ४००० मीटर. बिनटर्बोच्या गाडीला एवढ्या फरकात वेट्स बदलावीच लागतात, टर्बो बूस्टने बरंच भरून काढते. तरी इमोजीनसारख्या ठिकाणी आरपीएम खाली आलेला दिसेल, तिथे लो मध्ये राहा, ट्रिपसाठी क्लच खोलू नका.

बदल एका वेळी एकच. वेट्स बदलली, मोजलं, लिहिलं, मग स्प्रिंग. वेट्स काट्यावर टाकून सगळी एकसारखी आहेत ना बघा, मॅग्नेट किंवा स्क्रूने वजन वाढवायची वेट्स असतील तर प्रत्येकात तोच माल त्याच जागी. एका वेटमध्ये चुकून जास्त गेला की प्रायमरी वॉबल करते.

ग) आख्खी प्रायमरी किंवा सेकंडरी. हजार डॉलरच्या वरचा मामला. शीव्हला पायरी पडलीय, टॉवर खाल्लेत, आणि नाहीतरी बदलायचंच आहे, किंवा पॉवर कंपनीपेक्षा बरीच वाढवलीय, तरच. कंपनीच्या पॉवरवर चालणाऱ्या, ट्रेलवर फिरणाऱ्या गाडीला ह्याची गरज मला तरी दिसत नाही.

आणि हे सगळं वाचूनच कंटाळा आला असेल तर बेल्ट नसलेल्या गाड्या पण आल्यात बरं का. यामाहाची वायएक्सझेड१०००आर गिअरवाली, होंडाची टॅलन डीसीटीवाली (ड्युअल क्लच गिअरबॉक्सची), आणि कॅन-ॲमने स्वतःच २०२४ च्या मॅव्हरिक आर ला २४० हॉर्सपॉवर देताना बेल्ट सोडून सात गिअरचं ड्युअल क्लच लावलं, ह्यातच काय ते समजा.

९. वाटेत बेल्ट फाटलाच तर

गाडी सावलीत, इंजिन बंद, वीस मिनिटं थांबा, क्लच भाजतो. मुरवलेला स्पेअर, टूल, सॉकेट, हातमोजे, टॉर्च एका पिशवीत असायला हवेत, आणि ती पिशवी घरी अंगणात एकदा वापरून बघितलेली हवी.

नवीन बेल्ट टाकायच्या आधी जुन्याचे सगळे तुकडे शोधा. जुना बेल्ट जमिनीवर जुळवून बघा, केवढा भाग कमी आहे ते कळतं, तो आतच कुठेतरी आहे. डक्टच्या बाहेरच्या नळीत अडकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धागे सेकंडरीच्या मागे शाफ्टभोवती गुंडाळले जातात. तिथेच गिअरबॉक्सचं ऑइल सील आहे. प्रायमरीच्या मागे क्रँकचं सील. धागे तिथे राहिले की सील कापतात, तेल गळून क्लचच्या डब्यात येतं, आणि पुढचा बेल्ट तेलावर घसरून जातो. ट्रेलवर चिमट्याने निघतील तेवढे धागे काढा, हळू घरी या, आणि घरी आल्यावर दोन्ही क्लच उतरवून मागचा शाफ्ट टॉर्चने बघा. सील ओलं दिसलं तर गाडी त्याच्यावर परत काढू नका, सील स्वस्त आहे, गिअरबॉक्स नाही.